गार्ड दिलेला होता

बाई,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. असं लिहायची सवय मला कामाने लावली, आणि एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची सवय तुम्ही.

१. मागच्या आठवड्यात सोमवारी, दुपारच्या शिफ्टमध्ये, मानकोलीच्या गोदामात पार्सल वाहून नेणारा पट्टा चालू होता.

२. पट्ट्याच्या शेवटच्या रोलरमध्ये पॅकिंगची प्लास्टिकची पट्टी गुंडाळली गेली.

३. तिथे नेमलेल्या महिला कामगाराने ती हाताने ओढून काढायचा प्रयत्न केला. पट्टा बंद केलेला नव्हता.

४. तिचा हातमोजा रोलरमध्ये ओढला गेला. उजव्या हाताच्या दोन बोटांना गंभीर इजा झाली.

५. शेजारच्या कामगाराने बटण दाबून पट्टा थांबवला.

६. रोलरवरचा गार्ड त्या वेळी जागेवर नव्हता. सदर कामगाराने तो स्वतः काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. गार्ड कंपनीने दिलेला होता.

ही सगळी वाक्यं खरी आहेत. त्यात एक शब्द वाढवलेला नाही, एक गाळलेला नाही. खाली माझं नाव आणि हुद्दा आहे: देखभाल आणि सुरक्षा अभियंता. शुक्रवारी सकाळी हा रिपोर्ट वर जायचा आहे. आज मंगळवार. मी तो उघडते, वाचते, बंद करते आणि पट्ट्यापर्यंत एक फेरी मारून परत येऊन पुन्हा उघडते. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाला होते. तुमच्या घराखालचे कापड विणायचे लूम नंतर भंगारात गेले आणि त्या शेडमध्ये आता कुणाची तरी खोकी रचलेली असतात. म्हणजे हे कुठल्या पत्त्यावर पाठवायचं हा प्रश्नच नाही. तरीही तुम्हालाच लिहायला हवं, कारण सहाव्या मुद्द्याचं शेवटचं वाक्य माझं नाही. ते तुमचं आहे.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून पायांनी आठवतं. खाली शेड, वर घर, आणि लादीतून चढत येणारी ती खडखड. फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागून वाजायच्या म्हणून तुम्ही दोन वाट्यांमध्ये जुन्या साडीची घडी घालायचात. आम्ही पाच-सहा मुली भिंतीला पाठ लावून बसायचो आणि तुम्ही ओट्याशी उभं राहून, एकीकडे भाजी चिरत, आम्हाला इंग्रजी शिकवायचात. लूम बंद असायचे तो शुक्रवार सोडला तर बोललेलं ऐकू यायचंच नाही. म्हणून तुम्ही शब्द ओठांनी शिकवलेत. पावडरच्या डबीतला एक गोल आरसा होता, तो हातोहात फिरायचा. तुम्ही एक शब्द उच्चारायचात, आम्ही तुमचे ओठ बघायचो, मग आरशात आपले बघायचो, आणि जुळले की मान हलवायचो. शाळेत माझ्या उच्चारांना सगळे हसायचे. आजही हेड ऑफिसच्या लोकांशी फोनवर बोलताना मी ओठ जरा जास्तच हलवते, असं मला गोदामातल्या एकाने सांगितलं.

कुकरची शिट्टीही ऐकू यायची नाही. तिच्यावर नजर ठेवायची ड्युटी माझी होती. वाफ उडाली की मी हात वर करायचा, तुम्ही चिरता चिरता मान डोलवायची, तिसऱ्यांदा हात वर झाला की गॅस बंद. एकदा माझं लक्ष मैत्रिणीच्या नव्या कानातल्यांकडे गेलं आणि डाळ करपली. तुम्ही रागावला नाहीत. फक्त करपलेला कुकर माझ्यासमोर ठेवलात आणि त्या गोंगाटात, अगदी सावकाश, ओठांनी म्हणालात, "तू बघत नव्हतीस." मी ते वाचलं. ऐकलेलं बोलणं विसरता येतं. वाचलेलं मला विसरता येत नाही.

तुमची शिकवायची रीत भिवंडीचीच होती. इथे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, गाव कुठलं? मागावरच्या माणसाला विचारा, गोदामातल्या हमालाला विचारा, कुणीच इथलं नसतं, आणि उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. तुम्ही तोच प्रश्न शब्दांना विचारायचात. हा कुठून आला, कुणाबरोबर आला, वाटेत कोणी त्याचं नाव बदललं, इथे येऊन काय काम करतो. फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला तुम्ही खडूने शब्द लिहायचात. जेवायच्या वेळी ताटं काढताना दार उघडलं की तुमच्या यजमानांना, आमच्या काकांनाही तो दिसायचा.

आता खालच्या शेडबद्दल. लूमवर धोटा कसा पळतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला ते लिहून बघायचं आहे. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला तो तुकडा सूत घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे सटासट जातो. कधीतरी तो वाट सोडतो आणि उडतो. उडालेला धोटा माणसाला लागू नये म्हणून लूमच्या पुढे एक लोखंडी सळई बसवायची असते. ती म्हणजे गार्ड. काकांच्या शेडमध्ये प्रत्येक लूमला गार्ड आणलेला होता. ते सगळे दारामागच्या खिळ्याला एकात एक अडकवून टांगलेले असायचे. आम्ही चपला तिथेच काढायचो, त्यामुळे आम्हाला ते रोज दिसायचे. लूम चालवणारे चाचा आम्हाला सांगायचे, "बेटा, इसे लगाओ तो तार नहीं दिखता. टूटा तार नहीं दिखा तो कपड़ा ख़राब. कपड़ा ख़राब तो सेठ ख़राब." आणि स्वतःच हसायचे. सेठ म्हणजे आमचे काका.

मी नववीत होते. वार शुक्रवार नव्हता, तरी शेड एकदम बंद पडली. शुक्रवारखेरीज इतकी शांतता आम्ही त्या स्वयंपाकघरात शिकवणीच्या वेळी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत कुकरची शिट्टी झाली आणि सगळ्या दचकल्या. मी हात वर केला नाही, कारण ती सगळ्यांनीच ऐकली होती. खालून कुणीतरी ओरडत होतं. उडालेल्या धोट्याने चाचांचा डावा डोळा गेला.

काही दिवसांनी चौकशीला एक सरकारी साहेब आले. शेडमध्ये बसायला जागा नाही म्हणून काका त्यांना वर घेऊन आले. आम्हाला तुम्ही जा म्हणाला नाहीत, आम्ही भिंतीला तशाच बसून राहिलो. लूम पुन्हा सुरू झाले होते, पण साहेबांसाठी काकांनी थोडा वेळ बंद ठेवायला सांगितले होते. साहेबांनी काकांना बाजूला ठेवून तुम्हालाच विचारलं, "बाई, तुम्ही शिक्षिका. तुम्ही खरं तेच सांगाल. मशिनांना गार्ड दिलेले होते?"

तुम्ही साखरेचा डबा उघडत होतात. "दिलेले होते," म्हणालात.

साहेबांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. लावलेले होते का, हे त्यांनी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही. गार्ड खाली दारामागे, त्यांनी काढलेल्या बुटांच्या बरोब्बर वर लटकत होते. साहेब चहाचा घोट घेऊन म्हणाले, "गोड झालाय हो जरा." तुम्ही म्हणालात, "हो, झालाय."

चाचा परत आले ते दारावर वॉचमन म्हणून. काकांनी त्यांना खाकी शर्ट आणि खुर्ची दिली. पहिल्याच दिवशी ते आम्हा मुलींना बघून उभे राहिले, सलाम ठोकला आणि म्हणाले, "देखो बेटा, पहले गार्ड निकाला, अब ख़ुद गार्ड बन गया. आधा दिखता है, तनख़्वाह भी आधी." आम्ही हसलो. त्या वयात समोरचा हसला की आपण हसतो. तुम्ही जिन्यात उभ्या होतात. तुम्ही हसला नाहीत आणि खालीही उतरला नाहीत.

त्यानंतर तुम्ही रोज सकाळी शाळेला निघण्यापूर्वी शेडमधून चक्कर मारायला लागलात. एकेका लूमसमोर थांबायचं, गार्ड लावला आहे का बघायचं, नसला तर उभं राहून लावून घ्यायचा. तुम्ही दारात दिसलात की आत कुणीतरी ओरडायचा, "मॅडम आयीं! चलो भाई, ज़ेवर पहन लो!" आणि मग लोखंडाचे दागिने खणखण लूमवर चढायचे. तुमची पाठ वळली की उतरायचे. हे आम्हाला दिसत होतं. तुम्हाला माहीत होतं का, हे मला कधी कळलं नाही. मला वाटतं, होतं.

त्याच आठवड्यात फडताळाच्या दारावर तुम्ही गार्ड हा शब्द लिहिलात. तो आमच्या धड्यात नव्हता. मला हे आत्ता, या रिपोर्टसमोर बसल्यावर लक्षात आलं, तेव्हा आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, कुठे कुठे ऐकलाय? आम्ही ओरडून सांगू लागलो. सायकलचा मडगार्ड. रेल्वेच्या शेवटच्या डब्यात झेंडी धरून उभा असतो तो. बँकेच्या दारातला बंदूकवाला. प्रजासत्ताक दिनाला शाळेत पाहुण्यांसाठी उभे करतात ते. खालचे चाचा. लूमची सळई कुणीच म्हटली नाही. मी सगळ्यात हुशार होते, म्हणून मी म्हटलं, "गार्डन पण!"

तुम्ही सुरी ठेवून माझ्यासमोर येऊन बसलात. "पुरावा?" असा ओठांचा आकार केलात. मी म्हटलं, बागेला कुंपण असतं, राखण असते, म्हणून. तुम्ही मान हलवलीत आणि पुढचं मात्र कानाशी येऊन ओरडून सांगितलंत, शब्द चुकू नये म्हणून: "नाकं सारखी दिसली म्हणून भावंडं होत नाहीत. गार्डनचं गाव वेगळं. त्याचा अर्थ मुळात कुंपण घातलेली जागा. याचा कुंपणाशी संबंध नाही. जे माहीत नाही ते माहीत आहे अशा आवाजात बोलू नकोस." सगळ्या बघत होत्या. माझे कान तापले. तेव्हापासून मी पुरावा नसेल तर बोलत नाही. मैत्रिणी याला माझा थंडपणा म्हणतात. असेल.

मग तुम्ही त्या शब्दाचं गाव सांगितलंत. मूळ जर्मन बाजूचं. तिथे त्याचं तोंड 'व'ने उघडायचं, ओठ गोल करून, चुलीवर फुंकर घालतो तसा. तो फ्रान्सकडे गेला तेव्हा तिथल्या बऱ्याच लोकांच्या तोंडात हा 'व' बसेना, त्यांनी तिथे 'ग' बसवला. पुढे इंग्रजीत दोन्ही वाटांनी माल आला, म्हणून एकाच घरातले शब्द दोन दोन वेषांत भेटतात. वॉर्डन आणि गार्डियन. वॉर्ड आणि गार्ड. दुसऱ्या घराण्याचीही हीच तऱ्हा, म्हणून दुकानदार गॅरंटी म्हणतो आणि वॉरंटी म्हणतो, आणि दोन्ही देत नाही. आम्ही आरसा फिरवून बघितला. 'व' आरशात दिसला. 'ग' दिसेना. तो घशात होतो, ओठांना त्याचा पत्ता नसतो. त्या गोंगाटात गार्ड म्हटलं की आम्हाला फक्त उघडं तोंड दिसायचं.

आणि अर्थ? राखणारा, असं आम्ही म्हटलं. तुम्ही म्हणालात, तो नंतरचा. त्याच्याही आधी, अगदी तळाला, त्या शब्दात नुसतं बघणं आहे. लक्ष ठेवून बघणं. रिगार्ड म्हणजे वळून बघणं, नीट बघणं. रिवॉर्ड हा त्याचाच भाऊ, 'व'च्या वाटेने आलेला. बक्षीस हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. आधी एवढंच होतं की कुणीतरी तुमच्याकडे बघितलं, दखल घेतली. हे सांगताना तुम्ही आमच्याकडे बघत नव्हतात. उघड्या दाराकडे, खडूच्या त्या अक्षरांकडे बघत होतात. मग ओल्या फडक्याने शब्द पुसून टाकलात. बाकीचे शब्द आठवडाभर राहायचे.

मी नंतर हे सगळं पडताळून पाहिलं. तुम्ही बरोबर होतात. गोदामाला इंग्रजीत वेअरहाऊस म्हणतात, त्यातला पहिला तुकडाही बहुधा याच घराण्यातला, जपायची वस्तू या अर्थाचा. बहुधा, असं मुद्दाम लिहिते. रोज ज्या मेलच्या शेवटी मी रिगार्ड्स लिहिते त्यांतल्या एकाही माणसाला मी कधी बघितलेलं नाही.

आता इथलं सांगते. आमचे मॅनेजर वाईट माणूस नाहीत. ते माझ्या टेबलाशी आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट क्लोज करा ना. सहा पॉइंट, एकदम क्लिअर."

मी म्हटलं, "गार्ड का काढला, ते राहिलंय."

"का काढला म्हणजे? हात शिवशिवत होते म्हणून काढला. गार्ड होता?"

"होता."

"काढायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"झालं मग. तुम्ही इंजिनिअर आहात, कीर्तनकार नाही. आख्यान लावू नका." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुमचं कन्फर्मेशन आहे. मी चांगलंच लिहिणार आहे. आणि त्या गार्डच्या ड्रॉइंगवर सही कोणाची आहे, ते मला काढायला लावू नका."

सही माझी आहे. जाळीचा गार्ड ठेवला तर बारीक पट्ट्या आत जाऊन रोलर अडकतो, म्हणून अखंड पत्र्याचा ठेवावा असं मीच मंजूर केलं. कारण बरोबर होतं. पत्रा बसवल्यावर रोलर अडकायचा कमी झाला, पण अडकला की तो अडकलाय हे पट्टा वाकडा जाईपर्यंत कुणाला कळेना. हेही बरोबर आहे. तुम्ही एका वाक्यात एकच गोष्ट सांगायला शिकवलंत, आणि इथे दोन वाक्यं एकमेकांच्या अंगावर बसली आहेत.

रविवारी मी तिच्या घरी गेले. अंबाडीला उतरून आत बरंच चालावं लागतं. तिच्या पाड्यावरून बायकांचा एक टेम्पो रोज मानकोलीला येतो. कंत्राटदाराने सांगून ठेवलंय की निष्काळजी बाई तो परत घेणार नाही, आणि जास्त बोललात तर पाड्याचा टेम्पोच बंद. ती अंगणात बसली होती, हात गळ्यात बांधलेला. जाऊ शेजारी तांदूळ निवडत होती. मला बघून जाऊ म्हणाली, "बग, आली तुजी साहेबीन. आता दुसरा हात मागल."

"हात काय मागतंस? चा मांड," ती म्हणाली आणि मला, "बसा म्याडम. खाली बसता का खाट काढू?"

मी खाली बसले. हात कसा आहे विचारलं.

"हाय जाग्यावं. येक बोट गेलं. दुसरं ऱ्हाईल म्हन्तो डाक्टर. भाकर थापता येल, सुई न्हाय धरता यायची. तशीबी कुटं धरीत व्हते."

"मावशी, गार्ड तुम्ही काढलात?"

"झाकान ना? मीच काढला. दुसऱ्या कोनाचा नाव लिवू नका हां. रोज काढतो आमी. सकालची बाय बी काढते."

"का पण?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कंदी राखनीला बसल्याव?"

"नाही."

"भात पिकला का डुकरा येतात रानातली. आमी माला बांधतो उंच. माल्याव चढला का पयला म्होरचा पाला तोडून टाकाचा. न्हाय तोडला तं डुक्कर कसा दिसंल? त्या रोलरव नजर ठेव म्हन्तात, आनि झाकान बी ठेव म्हन्तात. डोल्याव फडका बांधून राखन कराची का?"

"आनि डुकरानी हातच खाल्ला," जाऊ चुलीकडून म्हणाली. दोघी हसल्या. मी हसले नाही, मग हसले. चहा आला. निघताना ती माझ्याबरोबर बांधापर्यंत आली आणि पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलली.

"मला परत घेतील ना ओ? टेम्पोत माझी जागा हाय, म्होरची, खिडकीपाशी. येकदा दुसरी बसली का मंग उठत न्हाय."

मी म्हटलं, "बघते." मराठीत बघते म्हणजे काहीच नाही. तिलाही ते ठाऊक असावं. तिने मान हलवली आणि बांधावरून परत फिरली.

तिने मला नवीन काही सांगितलं नाही, बाई. तो पाला सोडला तर मला सगळं माहीत होतं, आणि कसं माहीत होतं तेही लिहिते. डिप्लोमाला निघाले तेव्हा तुम्ही तो गोल आरसा माझ्या हातात ठेवला होतात. म्हणालात, तिकडे गोंगाट नसेल, पण असू दे. तो माझ्या कामाच्या पिशवीत असतो. गोदामात लांब दांडीचा तपासणीचा आरसा मिळतो, तो मी सहसा नेत नाही. दर आठवड्याला पट्टा तपासताना मी त्या पत्र्याच्या खाली जी बोटभर फट आहे तिच्यातून तुमचा आरसा सरकवते आणि आतला रोलर बघते. बोल्ट सोडून गार्ड काढत बसायला वेळ जातो म्हणून. गार्ड लावलेला असताना आतलं काही दिसत नाही, याचा याहून मोठा पुरावा कुठला? तो माझ्या पिशवीतच होता. तिला आम्ही रोलरवर नजर ठेवायला बसवलं होतं, आणि तिच्याकडे आरसा नव्हता.

शनिवारी तो आरसा टेबलावर ठेवून मी पुन्हा तुमच्या त्या वाक्याशी आले. दिलेले होते. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मला नववीतही कळलं होतं आणि त्याचंच मला कौतुक वाटलं होतं. किती नेमकं उत्तर! माझ्यातला नेमकेपणा तुमच्या त्या रागावण्यातून आला असं मी नेहमी सांगते. तो त्या चहाच्या कपाशीही शिकले असेन. नंतरची तुमची ती रोजची चक्कर, गार्ड लावून घेणं, पुसलेला तो शब्द, हे सगळं मला आता एकाच ओळीत उभं दिसतं. पण नाकं सारखी दिसली म्हणून भावंडं होत नाहीत, हे तुमचंच. पुरावा नाही. म्हणून विचारते आहे.

एक गोष्ट राहिली. अपघाताच्या त्या सोमवारी, तिला दवाखान्यात नेल्यावर लगेच, हेड ऑफिसमधून फोन आला. मॅनेजरांनी तो स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "गार्ड दिया हुआ था?" सगळे माझ्याकडे बघत होते. मागे पट्टा पुन्हा सुरू झाला होता. मी म्हणाले, "दिलेला होता." हिंदीत विचारलं होतं, मी मराठीत उत्तर दिलं. पलीकडच्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. मी थांबले होते, तो विचारील म्हणून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी थांबले होते, आणि त्याने विचारलं नाही तेव्हा मला बरं वाटलं.

रिपोर्टला आता सातवा मुद्दा जोडला आहे. तो असा: गार्ड बसवल्यावर रोलर दिसत नाही. रोलरवर लक्ष ठेवणं हे सदर कामगाराचं काम असल्याने गार्ड दोन्ही शिफ्टमध्ये नियमित काढला जातो. निम्नस्वाक्षरी करणारीला हे आधीपासून माहीत होतं. गार्डचा आराखडा तिनेच मंजूर केला आहे.

तुमचं उत्तर आलं नाही तर शुक्रवारी सकाळी रिपोर्ट सातही मुद्द्यांसह जाईल. त्याआधी मला एकच हवं आहे. त्या दिवशी साहेबांनी कप खाली ठेवून, लावलेले होते का, असं विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगणार होतात? एका वाक्यात लिहा.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.